मेरूंची मीठचाट आणि आमच्या आजोचा बार

आज जरा लांबलचक लिहितोय. चहा घेऊन बसा.

गेल्या दिवाळीत टेक्सासहून माझ्या पुतण्याचा व्हिडिओ कॉल आला. ऑफिसातल्या कुणा मित्राच्या रानात तो दोन दिवस राहून आला होता. त्यानं तिथलं एक यंत्र दाखवलं. तीन पायांवर उभं केलेलं मोठं पिंप, खाली गोल चकती आणि आत घड्याळ. सांजवेळी ठरलेल्या मिनिटाला चकती फिरते, दाणे चहूकडे उडतात आणि झुडपांतून हरणं बाहेर येतात. दहा-बारा तरी असतील. आपल्याकडे कोंबड्यांना हाक मारल्यावर येतात ना, तशी.

पुतण्या म्हणाला, "काका, आपल्या डोंगरावर असं एक लावूया. पैसे मी पाठवतो. पणजोच्या नावानं. पणजो शिकारी होता ना? तेवढंच पुण्य."

मी म्हटलं, "बघूया रे बाबा." फोन ठेवला, पण त्या रात्री झोप काही लागली नाही. त्याचा पणजो म्हणजे माझा आजो. आमच्या डोंगरावर आजोनंच हरणांना खायला घातलं होतं. पिंप नव्हतं, घड्याळ नव्हतं. मीठ होतं.

ती गोष्ट आमच्या घरात अर्धीच सांगितली जाते. आज पूर्ण सांगतो.

आधी पुतण्याच्या यंत्राबद्दल. टेक्सासात बहुतेक जमीन खासगी मालकीची. पुष्कळ मालक शिकारीच्या मोसमापुरतं रान भाड्यानं देतात, आणि ज्या रानातल्या नराची शिंगं मोठी त्या रानाला भाव जास्त. म्हणून तिथे दोन तऱ्हेचा चारा घालतात. एक वाढीचा. सरकी, सोयाबीन वगैरेच्या कांड्या, त्यात शंभरात सोळा ते वीस भाग प्रथिनं. हरणाचं शिंग म्हणजे हाडच. दर वर्षी गळतं, दर वर्षी नवं येतं. आधी प्रथिनांचा सांगाडा उभा राहतो, त्यावर मखमलीसारखी कातडी असते, मग आत चुना भरून ते कडक होतं. चार-पाच महिन्यांत एवढं हाड उभं करायचं तर खाणंही तसंच लागतं. दुसरा चारा बोलावण्याचा. मक्याचे दाणे, ठरल्या वेळी, बंदुकीच्या टप्प्यात.

म्हणजे एक चारा वाढवायला आणि एक बोलवायला. हे ऐकताना मला हसू आलं. आमच्या डिचोली महालात नेमक्या याच दोन गोष्टी होत्या, फक्त नावं वेगळी.

सांबराला आमच्याकडे मेरू म्हणतात आणि भेकराला भेंकरें. माझ्या लहानपणी अडवलपालच्या बाजूच्या डोंगरांवर दोन्ही होती. आजोचा जन्म विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचा. घरात ठासणीची बंदूक, पोर्तुगीज अमलातला परवाना, आणि शिगम्याच्या दिवसांत वाड्यावरची सगळी माणसं मिळून पारध. रान उठवायचं, एका बाजूनं हाका द्यायचा, दुसऱ्या बाजूला बंदूकवाले बसायचे. सावज पडलं की वाटे व्हायचे. पहिला देवाचा, मग ज्याचा बार लागला त्याचा, मग हाकेकऱ्यांचे. विधवा बाईच्या घरीसुद्धा वाटा पोचायचा. ही आजीची आठवण, मी नुसता ऐकलेला.

पण पारध वर्षातून एक-दोनदा. बाकीचं वर्ष आजो मेरूंवर नजर ठेवून असे ती मीठचाटीवर.

डोंगराच्या कुशीत, झऱ्याच्या वरच्या अंगाला एक उघडी जागा होती. तिथली माती आजो कुदळीनं सैल करायचा, त्यात जाडं मीठ कालवायचा आणि वर पाणी शिंपडायचा. पावसाळा सरला की महिन्यातून एकदा. मेरू रात्री येत आणि ती माती चाटत. चाटून चाटून तिथे कमरेएवढा खड्डा पडला होता म्हणे.

मीठच का? आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे. जांभ्याच्या डोंगरावरून तो सगळं धुऊन नेतो. पाल्यात आणि गवतात मीठ फारसं उरत नाही. पाला खाऊन जगणाऱ्या जनावराला त्याची ओढ लागते, पोटात पिल्लू असलेल्या मादीला तर फारच. गोठ्यातली गाय भिंत चाटते, तोच प्रकार. देशातल्या पुष्कळ अभयारण्यांत वनखातंही अशी मिठाची चाटणं ठेवत आलंय. म्हणजे आजो काही वेगळं करत नव्हता. हेतू तेवढा वेगळा.

मीठ तेव्हा स्वस्त होतं असं समजू नका. १८७८ साली पोर्तुगीज आणि इंग्रज सरकारांत करार झाला आणि गोव्यातल्या मिठागरांचा कारभार इंग्रजांच्या हाती गेला. १८९२ पर्यंत तो करार चालला. समुद्रकाठच्या लोकांना आपल्याच आगरातलं मीठ जपून वापरायची पाळी आली. आजोचा बाप त्या काळातला. घरात मिठाची मडकी मोजून ठेवायची सवय तिथून लागली, असं आजी सांगायची. एवढ्या मोलाचं मीठ माणूस डोंगरावर मातीत कालवतो, तेव्हा त्यामागे काही हिशेब असणारच.

दुसरा चारा कुळथाचा. भात कापल्यावर डोंगराच्या पायथ्याशी आजो कुळीथ टाकायचा. घरासाठीच. पण वरच्या कडेचा एक पट्टा कापायचा नाही, कुंपणही घालायचं नाही. भेंकरें तिथे चरायला येत. कुळथात शंभरात वीस-बावीस भाग प्रथिनं असतात. पुतण्याच्या टेक्सासी कांड्यांपेक्षा आमचा कुळीथ कांकणभर सरसच म्हणायचा! आजोला प्रथिनं हा शब्द माहीत नव्हता. त्याला एवढंच माहीत होतं की कुळीथ खाल्लेल्या जनावराच्या अंगावर तकाकी येते.

आता मुख्य गोष्ट. आजोचा एक नियम होता. मीठचाटीवर बार काढायचा नाही. तिथे फक्त बघायचं. खूर किती, मादीबरोबर पिल्लू आहे की नाही, नर कुठल्या वाटेनं येतो. शिकार करायची ती दुसरीकडे, हाका घालून, जनावराला पळायची संधी देऊन. कुणी विचारलं तर म्हणायचा, "जेवपाक बशिल्ल्याक मारपाचें न्हय." जेवायला बसलेल्याला मारायचं नसतं. आणि ज्यानं आपलं मीठ खाल्लं त्याला तर नाहीच. मिठाला जागणं हे आपण चाकरानं धन्याशी करायचं म्हणतो. आजो ते उलटं म्हणायचा. ज्यानं मीठ घातलं त्यानंही जागायला हवं.

हा नियम आम्हा सगळ्या नातवंडांना पाठ. वडिलांनी सांगितला, मी शाळेत मुलांना सांगितला, पुतण्यालाही सांगितला. याच नियमामुळे त्याला पणजोच्या नावानं यंत्र लावावंसं वाटतंय.

आणि आता ते दुसरं अर्ध.

१९५० नंतर आमच्या भागात खाणी वाढल्या. लोहखनिज मांडवीतून बार्जेसनी मुरगावला आणि तिथून जपानला जायचं. डोंगरात रस्ते झाले, ट्रक आले, जीप आल्या. जीपबरोबर मोठे दिवे आले. रात्री रस्त्यानं जाताना दिव्याच्या झोतात डोळे चमकले की बार. याला पारध कसलं म्हणायचं? हाका नाही, वाटे नाहीत, देवाचा वाटा तर नाहीच.

गोवा मुक्त व्हायच्या दोनेक वर्षं आधीची गोष्ट. मी चार-पाच वर्षांचा असेन. एका खाणीवरचा मोठा माणूस आमच्या घरी आला. कोण, कुठला, ते सोडून देऊ. त्याला मेरू मारायचा होता. आमच्या वडिलांना तेव्हा कामधंदा नव्हता. घरात खाणारी तोंडं नऊ. तो माणूस ओट्यावर बसून म्हणाला, मुलाला हजेरी-कारकून म्हणून लावून घेऊ. आणि त्याच बैठकीत म्हणाला, मीठचाट दाखवा.

आजोनं दाखवली.

आमच्या घरात सांगितली जाणारी गोष्ट अशी: आजो त्याला घेऊन माळ्यावर बसला, पण मनातून नाराज होता. मेरू आली तशी पाहुण्यानं आजोचं न ऐकता बार काढला. मादी होती, गाभण होती. शिगमो नुकताच झालेला, म्हणजे पोटातलं पोर बरंच वाढलेलं. ते बघून आजोनं दुसऱ्या दिवशी बंदूक आढ्याला टांगली ती कायमची. मीठ घालणंही बंद केलं.

ही गोष्ट मी कितीतरी वर्षं अभिमानानं सांगत होतो.

आजी गेली त्याच्या आदल्या पावसाळ्यात मी तिच्या उशाशी बसलो होतो. तिच्या छातीत दुखायचं. जुन्या सवयीनं ती म्हणाली, शिंग उगाळून लाव. आमच्याकडे सहाणेवर सांबरशिंग उगाळून लेप लावायची पद्धत होती, तुमच्याही घरात असेल. मी म्हटलं, आजी, ते शिंग आता घरात नाही, कायद्यानं ठेवता येत नाही. तशी ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "बार त्या मनशाचो न्हय रे. बार तुज्या आजोचोच."

पाहुण्याचा हात थरथरत होता म्हणे. मेरू मीठ चाटून मान वर करत होती, आता उठून जाणार. पाहुणा रिकाम्या हातानं परतला असता तर वडिलांची नोकरी गेली असती, निदान आजोला तसं वाटलं. त्यानं पाहुण्याच्या खांद्यावरून बार काढला. नाव पाहुण्याचं झालं. वडील पुढच्या महिन्यात कामाला लागले.

त्या पगारावर आम्ही पाच भावंडं शिकलो. मी शिक्षक झालो, थोरला भाऊ इंजिनियर झाला. त्याचा मुलगा आज टेक्सासात आहे. म्हणजे आमचं सगळं घर त्या एका चाटीवर उभं आहे, असं म्हटलं तरी चालेल. मी आजोला दोष द्यायला बसलेलो नाही. नऊ तोंडांचा हिशेब मला करावा लागला नाही, त्याला करावा लागला. पण गोष्ट जशी घडली तशी सांगायला हवी, एवढंच.

पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्यात शिकार म्हणजे काय याची जी व्याख्या आहे ती मी मुद्दाम वाचली. नुसतं मारणं म्हणजे शिकार नव्हे. त्यासाठी फासा लावणं, हाका घालून हाकणं, आमिष दाखवून बोलावणं, हे सगळं त्या व्याख्येत शिकारच. आजोचा हाकाही त्यात आला आणि मीठही. कायदा करणाऱ्यांना चारा आणि बंदूक यांचं नातं चांगलंच ठाऊक होतं.

आता कुणी म्हणेल, काका, आज बंदूक कुठे आहे? पोर नुसतं खायला घालायचं म्हणतंय. बरोबर आहे. मी स्वतः शाळेची मुलं घेऊन बोंडल्याला किती वेळा गेलोय. कुंपणापाशी चितळ आली की मुलं डबा उघडायची आणि मला ओरडावं लागायचं. खायला घालावंसं वाटणं हा काही दुर्गुण नाही. पण मी थोडी चौकशी केली, गुरांच्या डॉक्टरांशी बोललो, तेव्हा काही गोष्टी कळल्या.

पहिली पोटाची. हरीण हे गाईसारखंच रवंथ करणारं जनावर. त्याच्या पोटातले जंतू पाल्या-गवताला सरावलेले. एकदम दाणा पडला की पोटात आंबट होतं आणि जनावर दगावूही शकतं. लग्नघरचा उरलेला भात खाऊन गाय फुगून मेल्याचं आपण गावात पाहिलंय ना? तेच.

दुसरी गर्दीची. रानात जी जनावरं पांगून चरतात ती एका पिंपाखाली तोंडाला तोंड लावून उभी राहतात. अमेरिकेत हरणांना मेंदूचा एक असाध्य रोग होतो, तो लाळेतूनही पसरतो. टेक्सासात तो २०१२ साली सापडला. अशा रोगामुळे अमेरिकेतल्या कितीतरी भागांत हरणांना चारा घालायला बंदी आहे. आपल्याकडे तो रोग नसेल, पण गोचिडी आहेत. २०१५ साली सत्तरीत पाली गावात माकडताप आला, पुढच्या वर्षी शेजारच्या दोडामार्गात. तो ताप गोचिडीच पसरवतात. डोंगरावर जनावरांचा बाजार भरवायचा आणि खालच्या वाड्यावर माणसं काजू गोळा करायला पाठवायची, हे मला काही पटेना.

तिसरी शेजाऱ्यांची. दाण्याला आधी येणार ती रानडुकरं. मग ती शेजाऱ्याच्या कुळागरात उतरणार. मग शेजारी फासे लावणार, क्लचवायरचे. त्यात डुक्कर अडकेल, भेंकरें अडकेल, नाहीतर त्यांच्या मागे आलेला बिबटाही. २०२० च्या जानेवारीत म्हादई अभयारण्यात वाघीण आणि तिचे तीन बछडे विष घालून मारले गेले, तेव्हा आपण सगळेच हळहळलो. त्यांनी गुरं मारली होती. रानात मेरू भरपूर असली तर वाघ गोठ्याकडे कशाला येईल? म्हणजे मेरू हवीत हे खरंच. प्रश्न एवढाच, ती कशावर वाढतात.

ती मिठानं वाढली नव्हती, कुळथाच्या पट्ट्यानंही नाही. आजोच्या काळी डोंगरावर कुमेरी शेती होती. एक तुकडा जाळून नाचणी-वरी करायची, मग तो काही वर्षं सोडून द्यायचा. सोडलेल्या तुकड्यावर कोवळं रान यायचं, मेरूंना तोच चारा. वैशाखात जांभळं आणि पावसाळ्यानंतर झाडाखाली आंबाडे पडायचे, आवळे पडायचे. आंबाड्याखाली भेंकरें हमखास. बांबूचे कोंब होते, झरे वाहते होते. कोल्हापूरच्या संस्थानानं दाजीपूरचं रान शिकारीसाठी राखलं, आणि १९५८ साली त्याचंच गव्यांचं अभयारण्य झालं. तिथे गवे टिकले ते कुणी पेंड घातली म्हणून नव्हे. रान शाबूत राहिलं म्हणून.

आमच्याकडे रानच राहिलं नाही. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानं खाणी थांबवल्या तेव्हा मी एकदा वर चढून गेलो. आजोची मीठचाट होती तिथे आता खड्डा आहे. कमरेएवढा नव्हे, शंभर माणसं एकावर एक उभी केली तरी वर डोकं निघणार नाही असा. तळाशी हिरवं पाणी. तो झरा कुठल्या बाजूला होता हेही मला ओळखता आलं नाही.

महिन्याभरानं पुतण्याला मीच फोन लावला. सगळं सांगितलं. आजीचं वाक्यही. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे पप्पांचं शिक्षण..." मी म्हटलं, "हो. आणि माझंही. आणि तुझंही."

"मग काका, काहीच करायचं नाही का?"

मी म्हटलं, "आपली दीड एकर काजू आहे. दर वर्षी आपण खालचं सगळं रान साफ करून जाळतो. नाल्याकाठचा पट्टा यापुढे जाळायचा नाही. जूनमध्ये तिथे आंबाड्याच्या खांद्या लावतो, खांदी जगते. आवळा, जांभूळ लावतो. पैसे पाठवायचेत तर रोपांचे पाठव, पहिल्या दोन उन्हाळ्यांत पाणी घालणाऱ्या माणसाचे पाठव. पण तुला व्हिडिओत दाखवण्यासारखं काही असणार नाही. फळ धरायला सात-आठ वर्षं. आणि जनावर येईलच असंही नाही."

त्याला ते फारसं आवडलं नाही, खोटं कशाला बोलू. पणजोच्या नावाची पाटी तरी लावू का, असं विचारलं. मी नको म्हटलं. पैसे मात्र त्यानं पाठवले. गेल्या जूनमध्ये चौदा खांद्या लावल्या. नऊ जगल्या आहेत.

मंडळी, तुमच्यापैकी डिचोली, सत्तरी, पेडणे, दोडामार्ग या भागांतली बरीच घरं पूर्वी शिकारीची होती, हे मला माहीत आहे. तुमच्या डोंगरावर अशी मीठचाट होती का? तिला काय म्हणत? तुमच्या आज्यांनी सांगितलेली गोष्ट खाली लिहा. दोन्ही अर्धं लिहा. आमचं घर तरी आजवर एकच सांगत होतं.